न्यूट्रल तुटली, वीज कडाडली… टीव्ही, वायफाय, मोटारीचं किट वाचवायचं कसं? कोणता पार्ट कशासाठी, समजून घ्या

चाकण : एप्रिल-मे महिन्यातला वळीव, नंतर परतीचा पाऊस आणि वर्षभर डीपीवर वाढत चाललेला लोड. खेड, मावळ, शिरूर, आंबेगाव भागात टीव्ही, फ्रीज, वायफायचा डबा नाहीतर मोटारीचा मोबाईल ऑटो उडाला, ही आता नवी बातमी राहिलेली नाही. दुरुस्तीला नेलं की एकच उत्तर मिळतं, "व्होल्टेजने किट उडालं." मग कोणी स्टॅबिलायझर आणतो, कोणी नवीन एमसीबी बसवतो. पुढच्या पावसाळ्यात परत तेच.

याचं कारण सोपं आहे. 'व्होल्टेज' नावाचा एकच आजार नाही. लाईटमुळे होणारं नुकसान चार-पाच प्रकारचं असतं आणि प्रत्येकावर औषध वेगळं. तापावरची गोळी पोटदुखीला चालत नाही, तसंच इथे आहे. कोणता पार्ट कशापासून वाचवतो हे माहीत असेल तर दहा-वीस रुपयांच्या पार्टवर हजारोंची वस्तू वाचते. माहीत नसेल तर महागडी वस्तू आणूनही उपयोग होत नाही.

आधी दुखणं ओळखा

१) क्षणिक झटका : जवळपास वीज पडली किंवा मोठी मोटार बंद-चालू झाली की लाईनवर हजारो व्होल्टचा झटका येतो. तो सेकंदाच्या लाखाव्या-दहा हजाराव्या भागात संपतो.

२) टिकून राहणारं जादा व्होल्टेज : न्यूट्रल तुटली की घरात २३० ऐवजी ३००-३५० व्होल्ट येतात आणि काही मिनिटं तसेच राहतात.

३) जादा करंट : शॉर्ट सर्किट झालं किंवा वायरीच्या ताकदीपेक्षा जास्त लोड टाकला.

४) कमी व्होल्टेज किंवा फेज जाणं : मोटार आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर यातच जास्त जळतात.

५) उलटी जोडणी : बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूला प्लस-मायनस उलटं लागलं.

गावात सगळ्यात जास्त नुकसान न्यूट्रलमुळे

एकाच वेळी पूर्ण आळीतले टीव्ही उडाले, अशी बातमी आली की बहुतेक वेळा कारण न्यूट्रल असतं. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघते. प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळाली की २३० व्होल्ट. दोन फेजमध्ये मात्र ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल तुटली की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट दोघांत वाटले जातात. वाटणीही समान होत नाही. ज्याचा लोड कमी, त्याला व्होल्टेज जास्त.

हिशोब करून बघा. एका घरात १००० वॅटचा हीटर चालू आहे, दुसऱ्या घरात फक्त १०० वॅटचा टीव्ही. न्यूट्रल गेली की हीटरवाल्याला साधारण ३६ व्होल्ट आणि टीव्हीवाल्याला साधारण ३६४ व्होल्ट मिळतात. टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये जो मोठा कपॅसिटर असतो तो ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो. ३६४ व्होल्ट एसीचं शिखर ५०० व्होल्टच्या वर जातं. कपॅसिटर फुगतो, फुटतो आणि सोबत पुढचे पार्टही नेतो.

महाळुंगे, निघोजे, कुरुळी अशा कंपनीपट्ट्यातल्या गावांत भाड्याच्या खोल्या वाढल्या आहेत. एका फेजवर लोड जास्त आणि दुसऱ्यावर कमी असेल तर न्यूट्रलवर भार येतो. तिचा जोड सैल किंवा गंजलेला असेल तर तो तापून सुटतो.

खूण लक्षात ठेवा : एका घरात बल्ब मंद आणि शेजारी डोळे दिपतील असा प्रखर, किंवा बल्ब कमी-जास्त होतोय, तर लगेच मेन स्विच बंद करा. टीव्ही बंद आहे की चालू हे बघत बसू नका.

अशा वेळी आपल्याकडे एक जीवघेणा प्रकार होतो. न्यूट्रल गेली म्हणून काही जण अर्थिंगच्या वायरीवर लाईट घेतात. त्याने बल्ब लागतो, पण अर्थिंगला जोडलेल्या फ्रीज, मोटार, गिझरच्या पत्र्यात करंट उतरू शकतो. माणूस आणि जनावर दोन्ही जाऊ शकतात. हे कधीही करू नका.

न्यूट्रलच्या त्रासावर उपाय म्हणजे मेन बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीच्या शेजारी पट्टीवर बसतो, त्यावर व्होल्टेजचा आकडा दिसतो. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की सेकंदाच्या आत घर तोडतो आणि सगळं ठीक झालं की आपोआप जोडतो. वरची मर्यादा २६०-२६५, खालची १७०-१८० आणि परत जोडण्याची वेळ ३ मिनिटं ठेवली तर घरासाठी ठीक बसतं. घेताना त्याचे अँपियर मेन एमसीबीपेक्षा कमी नसावेत.

एमओव्ही : निळी किंवा पिवळी गोल टिकली

टीव्ही, एलईडी दिवा, मोबाईल ऑटो यांच्या किटमध्ये लाईट जिथून आत येते तिथे दोन पायांची एक गोल टिकली असते. तो एमओव्ही, म्हणजे व्हॅरिस्टर. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये तो आडवा जोडलेला असतो. नेहमीच्या व्होल्टेजला तो गप्प बसतो. झटका आला की क्षणात वाट मोकळी करून झटका स्वतःवर घेतो आणि पुढच्या किटला वाचवतो.

त्याच्यावरचा नंबर वाचता आला पाहिजे. उदाहरणार्थ १४डी४७१के. यातला १४ म्हणजे टिकलीचा व्यास १४ मिलिमीटर. ४७१ म्हणजे ४७ पुढे एक शून्य, म्हणजे ४७० व्होल्टला तो उघडायला लागतो. के म्हणजे त्यात १० टक्के कमी-जास्त.

आता निवड कशी करायची? २३० व्होल्ट हे एसीचं आरएमएस मूल्य आहे, त्याचं शिखर ३२५ व्होल्ट असतं. आपल्याकडे मळ्यात रात्री लोड उतरला की २७०-२८० पर्यंत व्होल्टेज चढलेलं मीटरवर दिसतं. २८० चं शिखर होतं ३९६. बाजारात ४३१ नंबरचा एमओव्ही सहज मिळतो, तो २७५ व्होल्ट एसीसाठी असतो. पण ४३० मधून १० टक्के वजा केले तर ३८७ उरतात, म्हणजे तो रोज रात्री थोडाथोडा उघडून तापत राहील आणि लवकर मरेल. ४७१ घेतला तर १० टक्के वजा होऊनही ४२३ उरतात. म्हणून चढ-उतार जास्त असलेल्या वस्तीवर ४७१, म्हणजे ३०० व्होल्टचा घ्यावा. फारच चढत असेल तर ५११, म्हणजे ३२० व्होल्टचा.

मग ६८१ लावून टाकला तर? तो टिकेल, पण झटकाही जास्त पुढे जाऊ देईल. ४७१ चा १४ मिलिमीटरचा एमओव्ही झटका साधारण ७७५ व्होल्टला रोखतो, त्याहून मोठ्या नंबरचा आणखी वर रोखतो. त्यामुळे जितका गरजेचा तितकाच मोठा नंबर.

टिकली जितकी मोठी तितकी सहनशक्ती जास्त. साधारणपणे ७ मिलिमीटरची टिकली १२०० अँपियरचा एक झटका घेते, १० ची २५००, १४ ची ४५०० आणि २० ची ६५००. शेतातल्या लांब लाईनवरच्या किटमध्ये ७ ची टिकली असेल आणि जागा असेल तर १४ ची बसवून घेणं फायद्याचं.

एक गोष्ट नीट समजून घ्या. एमओव्ही क्षणिक झटक्यासाठी आहे, न्यूट्रल तुटल्यावर येणाऱ्या ३५० व्होल्टसाठी नाही. तिथे तो सतत उघडा राहतो, तापतो आणि फुटतो. म्हणूनच त्याच्या आधी फ्यूज हवाच. एमओव्हीने करंट ओढला की फ्यूज उडतो आणि किट वाचतं. फ्यूज नसेल तर एमओव्ही पेट घेऊ शकतो.

फ्यूजच्या जागी तार म्हणजे आगीला आमंत्रण

उडालेल्या किटमध्ये फ्यूज गेलेला आणि एमओव्ही काळा पडलेला असेल तर दोघांनी आपलं काम केलं असं समजा. इथे पुष्कळदा घाईत जळका एमओव्ही कापून टाकला जातो आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार मारली जाते. सेट चालू होतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण आता तो सेट उघडा आहे. पुढचा झटका थेट आत जाणार. दुरुस्तीला दिलं की "एमओव्ही आणि फ्यूज दोन्ही नवीन टाका, जुने मला परत द्या," असं स्पष्ट सांगा.

फ्यूज घेताना तीन गोष्टी बघा.

– अँपियर : जेवढा होता तेवढाच. नवीन ठरवायचा असेल तर नेहमीच्या करंटच्या सव्वा ते दीडपट.

– वेग : टोपीवर एफ लिहिलेलं असेल तर लगेच उडणारा, टी असेल तर थोडा दम धरणारा. चालू होताना जास्त करंट ओढणाऱ्या वस्तूला टी लागतो. तिथे एफ टाकला तर विनाकारण उडत राहील आणि मग कोणीतरी तार मारेल.

– काच की चिनी मातीचा : २० मिलिमीटर लांबीचा साधा काचेचा फ्यूज ३५ अँपियर किंवा त्याच्या रेटिंगच्या दहापट, यात जे जास्त असेल, तेवढाच शॉर्टचा करंट नीट तोडू शकतो. चांगला चिनी मातीचा १५०० अँपियरपर्यंत तोडतो. थेट मेन लाईनवरच्या किटला चिनी मातीचाच घ्या.

फ्यूजशेजारी काळी-हिरवट टिकली असते आणि तिच्यावर ५डी-९ असं काही लिहिलेलं असतं, तो एमओव्ही नव्हे. तो एनटीसी. लाईट येताच जो मोठा करंट आत घुसतो त्याला तो आवर घालतो. दिसायला सारखे असले तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

एमसीबी, आरसीसीबी, एसपीडी : तिघांची कामं वेगळी

एमसीबी घरातली वायर वाचवतो, टीव्ही नाही. विजेचा झटका लाखाव्या भागात येऊन जातो, एमसीबीला पडायलाच त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्याचा आकार वायरीवरून ठरवायचा : दीड एमएम वायरीला १० अँपियर, अडीच एमएमला १६. सारखा पडतो म्हणून मोठा एमसीबी टाकला तर आता वायर जळेल.

आरसीसीबी माणूस वाचवतो. ३० मिलीअँपियरचा घ्या. गोठा, गिझर, पाण्याची मोटार असलेल्या घरात तो हवाच.

एसपीडी म्हणजे मेन बोर्डातला मोठा एमओव्ही. घरासाठी टाईप २ चा घेतात. त्याच्यावर यूसी नावाचा आकडा असतो, तो आपल्याकडे ३२० व्होल्टचा असलेला बरा. खिडकीत हिरवं दिसलं तर ठीक, लाल झालं तर आतली टिकली संपली, बदलायची. त्याची वायर वळणं न देता, सगळी मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. विजेच्या झटक्यात एक मीटर वायर स्वतःच हजारभर व्होल्ट वाढवू शकते, मग एसपीडी असून नसल्यासारखा.

आणि हे सगळं अर्थिंगवर उभं आहे. एसपीडी झटका जमिनीत सोडणार, पण खड्डा कोरडा आणि पट्टी गंजलेली असेल तर तो जाणार कुठे? वायरमनकडून वर्षातून एकदा, मे महिन्यात जमीन कोरडी असताना अर्थिंग मोजून घ्या. ५ ओमच्या आत असलेली चांगली.

विहिरीवरची मोटार आणि मोबाईल ऑटो

थ्री फेज मोटारीला ढोबळ हिशोबाने एका एचपीला दीड अँपियर लागतो. ५ एचपीला साधारण साडेसात. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपियरवर लावा. सारखा पडतो म्हणून वर सरकवू नका, तो का पडतो ते शोधा.

एक फेज गेली तरी चालू असलेली मोटार थांबत नाही, दोन फेजवर घुरघुरत राहते आणि वाइंडिंग जळतं. त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर लागतो. मोबाईल ऑटोमध्ये ही सोय असते, पण काही ठिकाणी दोन फेजवर मोटार चालवण्यासाठी ती वायर काढून ठेवलेली असते. तुमच्या पेटीत ती जोडलेली आहे का, एकदा बघून घ्या.

मोबाईल ऑटोच्या किटसाठी वेगळा लहान फ्यूज आणि ४७१ किंवा ५११ चा एमओव्ही हवा. किट दोन फेजवर, म्हणजे ४०० व्होल्टवर चालणारं असेल तर मात्र हे नंबर चालणार नाहीत, लावताच फुटतील. तिथे कंपनीने दिला आहे त्याच नंबरचा टाका. पेटीतल्या कॉन्टॅक्टरची कॉइल सुटतानाही झटका मारते. किट आपोआप बंद-चालू होत असेल तर कॉइलवर आरसी स्नबर लावून घ्या.

सोलर, झटका मशीन, ठिबकचं ऑटोमेशन

बिबट्या आणि रानडुकरांमुळे कुंपणाला झटका मशीन, सोबत सोलर आणि कॅमेरे आले. हे सगळं १२ व्होल्ट डीसीवर चालतं, तिथे पार्ट बदलतात.

झटक्यासाठी टीव्हीएस डायोड. तो एमओव्हीपेक्षा जलद आणि नेमका आहे, पण लहान. १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना १४.४ पर्यंत जाते, म्हणून त्याच्यावर गप्प बसणारा हवा. पी६केई१८ए हा १५.३ व्होल्टपर्यंत गप्प राहतो आणि झटका साधारण २५ व्होल्टला रोखतो. इथे एक गफलत होते. पी६केई मालिकेत नंबर म्हणजे उघडण्याचं व्होल्टेज, तर एसएमबीजे मालिकेत नंबर म्हणजे गप्प राहण्याचं. त्यामुळे पी६केई१२ए आणि एसएमबीजे१२ए सारखे नाहीत, आणि १२ च्या बॅटरीला दोन्ही चालत नाहीत.

उलट्या जोडणीसाठी प्लसच्या वायरीत १एन५८२२ डायोड. तो ३ अँपियरपर्यंत चालतो आणि अर्धा व्होल्ट खातो. रिले असेल तर त्याच्या कॉइलवर १एन४००७, पांढरी रेघ प्लसकडे. आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळच, लांब पेटीत नको.

कॅमेऱ्याची लांब वायर, डिशची केबल, टेलिफोनची तांब्याची लाईन या वाटेनेही झटका घरात येतो. पिन काढली आणि केबल तशीच ठेवली तर अर्धंच काम झालं.

चाकणच्या कारखान्यांकडून शिकण्यासारखं

चाकण, भोसरीत बनणाऱ्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सला हीच परीक्षा द्यावी लागते. वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, चाकणलाही तिचं केंद्र आहे. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर सुटली तर १२ व्होल्टच्या गाडीत १०० व्होल्टच्या आसपास झटका येऊ शकतो, आणि आंतरराष्ट्रीय चाचणीत तो धरलेला आहे. त्यासाठी गाडीत मोठा टीव्हीएस असतो. आपल्यासाठी धडा एवढाच : ट्रॅक्टर चालू असताना बॅटरीची वायर काढू नका. मीटर, चार्जर, म्युझिक सिस्टीम सगळं एका क्षणात जाईल.

लाईट परत येते तेव्हा

९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे धुकं आणि दवामुळे लोणीकंद-चाकण भागातल्या ४०० केव्हीच्या अतिउच्चदाब लाईन ट्रिप झाल्या. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण आणि पुण्याचा मोठा भाग अंधारात गेला. अशा वेळी लाईट परत येताच सगळ्यांचे फ्रीज, मोटारी एकदम ओढतात आणि व्होल्टेज खाली-वर होतं. म्हणून लाईट गेली की महागड्या वस्तूंची बटणं बंद करा आणि आल्यावर पाच मिनिटं थांबून एकेक चालू करा.

वीज थेट घरावर किंवा खांबावर पडली तर कोणताच पार्ट खात्रीने वाचवत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये ठेवा. इशारा आला की पिना आणि केबली काढा. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र वायरींना हात लावू नका.

पैसे कमी असतील तर या क्रमाने करा

१) अर्थिंग दुरुस्त करा, किटकॅटमधली जाड तार काढून योग्य फ्यूज तार किंवा एमसीबी टाका.
२) ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी.
३) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर.
४) मोटारीला सिंगल फेज प्रिव्हेंटर, ओव्हरलोड रिले पाटीप्रमाणे.
५) टाईप २ एसपीडी.
६) किटमधले एमओव्ही, फ्यूज तपासून घ्या.

पार्ट पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबा आणि तपकीर गल्लीत सुटे मिळतात. जाताना जुना पार्ट किंवा त्याचा मोबाईलवर काढलेला फोटो सोबत ठेवा. मेन बोर्डातलं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. किट स्वतः उघडत असाल तर पिन काढल्यावरही थांबा, आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट शिल्लक राहू शकतात.

घरगुती लाईनवर ठरलेल्या दाबापेक्षा ६ टक्के वर-खाली चालतं. २३० धरले तर २१६ ते २४४. संध्याकाळी आठ वाजता आणि रात्री दोन वाजता मीटरने मोजून वहीत लिहून ठेवा. फरक मोठा असेल किंवा न्यूट्रलची खूण दिसली तर महावितरणच्या १९१२ नंबरवर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. वस्तू जळाल्यावर वीज ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जायचं असेल तर तोच नंबर आणि वहीतले आकडे उपयोगी पडतात.